हे तर ग्रामपंचायतीचं काम

व्याख्यान बऱ्यापैकी रंगलं होतं. विषय सार्वजनिक कलेचा, वक्त्या अभ्यासू, पडद्यावरचे फोटो स्वच्छ, आणि अशा कार्यक्रमांत क्वचितच होतं तसं माइकनंही मान राखला होता. मग एक फोटो आला. हातपंप. त्याच्याभोवती सिमेंटचा चबुतरा, चबुतऱ्याला वळसा घालणारी बुटकी भिंत, भिंतीवर उठावदार आकृत्या. वक्त्या म्हणाल्या, हे चित्रकार नवज्योत अल्ताफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं बस्तरमधलं ‘नलपार’. माझ्या पुढच्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन एक काका बसले होते. त्यांनी कुणाकडेही न बघता, पण आजूबाजूच्या दोन रांगांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, “हे तर ग्रामपंचायतीचं काम.”

दोघंतिघं खुसखुसले. मीही हसले. पडद्यावर पुढचा फोटो आला.

घरी आल्यावर मात्र ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. काकांचा सूर टोमण्याचा होता हे खरं, पण टोमण्यात काही तथ्य असल्याशिवाय तो असा चावत राहत नाही. पंप, चबुतरा, सांडपाण्याची वाट. ह्यातलं काहीच उचलून कलादालनात नेता येणार नाही, आणि ह्यातलं जवळजवळ सगळं एखाद्या ज्युनिअर इंजिनिअरच्या अंदाजपत्रकात आरामात बसेल. मग तिथं चित्रकार काय करत होती? सर जे. जे.मध्ये शिकलेली, सत्तरच्या दशकात मुंबईत ‘प्रोयोम’ ह्या डाव्या युवक संघटनेबरोबर वावरलेली, जहांगीरमध्ये प्रदर्शनं केलेली बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर बस्तरमधल्या कोंडागावच्या खेपा सुरू करते आणि दोन दशकांनंतरही त्या थांबवत नाही, हे काय पंचायतीची राहिलेली कामं उरकायला? मांडणशिल्प म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अजूनही मंद प्रकाशाची एक खोली येते, छताला काहीतरी टांगलेलं, कोपऱ्यात चपला काढून ठेवलेल्या. चिखल, घागरी आणि पाण्याच्या पाळीवरून चाललेली बाचाबाची ह्यांना त्या खोलीत जागा नसते.

ह्या विचारात मला सारखी आठवत राहिली ती न्यू यॉर्कची कलावंत मर्ल लॅडरमन युकेलिस. तिची गोष्ट काकांच्या शेऱ्याच्या बरोबर दुसऱ्या टोकाला सुरू होते. काका म्हणाले, ही कसली कला, हे पंचायतीचं काम. युकेलिस म्हणत होती, पालिकेचं काम हीच माझी कला. १९६८ मध्ये तिला पहिलं मूल झालं. दिवसभर दूध, कपडे, रडणं, झोपवणं, आणि उरलेल्या चिमूटभर वेळात स्वतःला कलावंत म्हणवून घेणं. १९६९ मध्ये ह्या ओढाताणीचा असा काही संताप आला की तिनं एक जाहीरनामाच लिहून काढला. जगात दोन तऱ्हेची कामं असतात, एक नवं घडवण्याचं आणि दुसरं घडलेलं टिकवण्याचं. हारतुरे पहिल्याला, आयुष्य खातं ते दुसरं. त्या जाहीरनाम्यातला एक प्रश्न मला फार आवडतो: क्रांती झाल्यावर, सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार आहे? क्रांतीच्या घोषणा देणाऱ्या त्या काळात एवढा साधा आणि एवढा अडचणीत टाकणारा सवाल फारच थोड्यांनी केला असेल. मग तिनं ठरवलं की धुणंपुसणं, झाडणं, आवरणं हे सगळं आता कला म्हणूनच करायचं. १९७३ मध्ये हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनिअम ह्या संग्रहालयाच्या पायऱ्या तिनं गुडघ्यांवर बसून पुसल्या. लोक ये-जा करत, पायऱ्या मळत, ती पुन्हा पुसे. पुसून झालेली पायरी कुणाच्याच लक्षात येत नाही, न पुसलेली येते. ज्या घरात मी वाढले त्या घरात हे वेगळं सांगावं लागलं नसतं, आणि तरी ते संग्रहालयात जाऊन करून दाखवावं लागलं, ह्यात सगळं आलं.

१९७६ मध्ये तिनं मॅनहॅटनमधल्या एका टोलेजंग इमारतीतल्या तीनशे सफाई आणि देखभाल कर्मचाऱ्यांना गाठलं. म्हणाली, कामात बदल काही नाही, फक्त रोजचा एक तास आपण कला करतोय असं मनाशी धरा. ती त्यांचे पोलरॉइड फोटो काढायची आणि विचारायची, ह्या क्षणी तू काय करत होतास, काम की कला? उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं आणि ते चिठ्ठी होऊन फोटोवर चिकटायचं. ह्या फोटोंचं प्रदर्शन भरलं, त्यावर लिहिताना एका समीक्षकानं थट्टेनं सुचवलं, न्यू यॉर्कचं सफाई खातं पैशांअभावी रडतंय, त्यांनीही आपलं काम कला म्हणून जाहीर करावं आणि कलेचं अनुदान मिळवावं. शहराची तिजोरी तेव्हा खरोखरच रिकामी झाली होती. युकेलिसनं ते कात्रण सफाई आयुक्तांना पाठवलं. पुढे खात्यानं तिला बोलावून घेतलं आणि १९७७ पासून ती न्यू यॉर्कच्या सफाई खात्याची निवासी कलावंत झाली. पद अधिकृत, पगार शून्य. थट्टेतून नोकरी निघाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

मग आलं ‘टच सॅनिटेशन’. जुलै १९७९ ते जून १९८० ह्या काळात ती शहरातल्या सगळ्या ५९ विभागांत गेली आणि ८,५०० सफाई कामगारांपैकी प्रत्येकाशी तिनं हात मिळवला. प्रत्येकाला तेच एक वाक्य: न्यू यॉर्क शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार. कागदावर मी सहज भागाकार केला तर रविवारसुद्धा धरून रोजचे सरासरी २५ हात होतात. पहाटेच्या हजेरीला जायचं, गाडीमागून चालायचं, रात्रपाळीही चुकवायची नाही. मी तुमच्यावर नजर ठेवायला किंवा तुमचा अभ्यास करायला आलेली नाही, तुमच्याबरोबर चालायला आलेय, असं तिनं त्यांना लिहून कळवलं होतं. पंचविसाव्या हातापाशी ते वाक्य शिळं होत नसेल? आठ हजाराव्या हातापाशी काय होत असेल? मला वाटतं, ह्या कामाची खरी कसोटी तिथंच होती. एकदा हात मिळवून फोटो काढणं पुढाऱ्यालाही जमतं. तेच ८,५०० वेळा, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून करायचं, तर देखभालीच्या कामातला सगळा कंटाळा स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो.

त्या फिरण्यात माणसं बोलू लागली. एकानं तिला विचारलं, लोक आमचा एवढा राग का करतात माहीत आहे? कारण त्यांना वाटतं आम्ही त्यांची आई आहोत, त्यांची मोलकरीण आहोत. स्त्रीमुक्तीच्या वाटेनं इथवर आलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल! ज्या कामाला घरात बाईचं म्हणून किंमत नव्हती, ते रस्त्यावर पुरुषांनी केलं तरी किंमत तीच. दुसऱ्या एकानं सांगितलेला प्रसंग तर ती पुढे अनेकदा सांगत राहिली. रणरणत्या उन्हात गाडी भरून दमलेला तो आणि त्याचा जोडीदार एका घराच्या पायरीवर टेकले होते. घरातली बाई दार उघडून म्हणाली, निघा इथून, कचरेवाल्यांनो, माझ्या पायरीला वास लागेल. सतरा वर्षं ते वाक्य त्याच्या घशात अडकून होतं. त्यानं युकेलिसला विचारलं, हे लक्षात ठेवशील ना? तिनं ठेवलं. १९८४ मध्ये प्रदर्शन भरलं तेव्हा कामगारांना लोक ज्या ज्या नावांनी हिणवत ती सगळी नावं कलादालनाच्या मोठमोठ्या काचांवर रंगवली गेली आणि शहरातल्या निरनिराळ्या थरांतल्या मानाच्या मंडळींना बोलावून, हातात फडकी देऊन, ती पुसायला लावली.

हस्तांदोलनानं पगार वाढत नाही, हे मलाही कळतं. आपल्याकडे तर ह्या कामाला जात चिकटलेली आहे. नुसत्या आभारांवर बोळवण करण्याची कला आपल्याला नवीन नाही, गटारात उतरणाऱ्याला सफाईचा सैनिक म्हणून शाल देणं त्यातलंच. म्हणून युकेलिसबद्दल वाचताना मी मधूनमधून संशयानं बघते. संशय पुरता जात नाही. पण ती एक वर्ष फिरून, पुस्तक काढून पुढच्या विषयाकडे वळली नाही, हे विसरता येत नाही. १९८३ मध्ये तिनं कचऱ्याच्या एका आख्ख्या ट्रकला आरसे लावले, म्हणजे रस्त्यावरून जाताना बघ्यांना त्यात स्वतःचाच चेहरा दिसावा. कचरा कुणाचा, ह्याचं उत्तर एवढ्या कमी शब्दांत देता आलं असतं असं मला नाही वाटत. १९८९ मध्ये स्टेटन आयलंडवरच्या फ्रेश किल्स ह्या २,२०० एकरांच्या कचराभूमीसाठी तिची कलावंत म्हणून नेमणूक झाली. मार्च २००१ मध्ये ती कचराभूमी बंद झाली आणि त्याच सप्टेंबरात जुळ्या मनोऱ्यांचा ढिगारा चाळण्यासाठी पुन्हा उघडावी लागली. एका कामाच्या वाटेत आख्ख्या शहराचा इतिहास असा आडवा येतो आणि कलावंतानं थांबायचं असतं. ह्या क्षेत्रातल्या कारकिर्दी अशाच असतात. चाळीस वर्षांत एखादीच वस्तू उभी राहते, बाकी सगळ्या बैठका, परवानग्या आणि वाट बघणं.

एक भिंत मला ह्या सगळ्यात मध्येच आठवली. आमच्या जुन्या घरासमोरची लांबलचक, बोडकी भिंत. एका रविवारी उत्साही मुलामुलींचा जथा आला आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर समुद्र अवतरला. निळाशार, मध्ये भला मोठा देवमासा. सुरेख होता, खोटं कशाला बोलू. त्या भिंतीशी एक इस्त्रीवाले उभे असायचे. कपड्यांच्या हँगरसाठी त्यांनी भिंतीत एक खिळा ठोकलेला होता, तो रंगाच्या आड येतो म्हणून मुलांनी उपटला होता. सोमवारी सकाळी इस्त्रीवाल्यांनी नवा खिळा ठोकला, बरोबर देवमाशाच्या डोळ्यात. तिथं गिलावा भक्कम होता, दुसरं काही कारण नव्हतं. कॉलनीत केवढी हळहळ झाली! कलेची कदर नाही इथपासून सगळं बोलून झालं. चित्र काढण्याआधी भिंतीपाशी रोज आठ तास उभ्या असणाऱ्या माणसाला कुणी काही विचारलं होतं का, हा मुद्दा त्या बोलण्यात कुठं आलाच नाही. मला मात्र त्या खिळ्यासकट तो मासा जास्त खरा वाटायचा.

मोठ्या कलावंतांच्या बाबतीतही हेच घडतं, फक्त खिळ्याच्या जागी सुनावणी असते. शिल्पकार रिचर्ड सेराची १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत १९८१ मध्ये न्यू यॉर्कच्या फेडरल प्लाझात उभी राहिली. तिथल्या कचेऱ्यांतल्या कारकुनांना रोज तिला वळसा घालावा लागे. तक्रारी झाल्या. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली, तिच्या बाजूनं बोलणारे १२२ निघाले आणि विरुद्ध ५८. तरी १९८९ मध्ये एका रात्री कापून ती उचलली गेली. मी कुणाच्या बाजूची, हे मला आजही ठरवता येत नाही. ती भिंत तिथून हलवणं म्हणजे ती नष्ट करणं, ही सेराची भूमिका मला पटते. दुपारी डबा खायला मोकळी जागा हवी, ही कारकुनाची भूमिकाही पटते.

आणि नवज्योत अल्ताफ बस्तरमध्ये ज्या प्रकारे रुजल्या ते मला ह्या दोन्हींच्या मधलं, आणि दोन्हींपेक्षा जास्त चिवट काम वाटतं. १९९७च्या सुमारास त्या कोंडागावला जाऊ लागल्या ते तिथल्या कारागीर-कलावंतांबरोबर काम करायला. घडवा, म्हणजे मेणाच्या साच्यातून ओतलेलं धातुकाम, आणि लाकडी कोरीवकाम करणारी ती माणसं. आपण शहरातून आलो, शिकलेलो, त्यांनी आपल्यासाठी काही करून द्यावं, ही जुनी चाल नवज्योत ह्यांना नको होती. शांतीबाई, राजकुमार कोराम, गेसूराम विश्वकर्मा ही त्यांच्या सहकाऱ्यांची नावं, आणि ती फोटोखाली त्यांच्या नावाच्या बरोबरीनं येतात. एकत्र काय करायचं हे ठरवता ठरवताच बराच काळ गेला. मग गावातल्या हातपंपांकडे लक्ष गेलं. पंप होतेच. सरकारनं बसवलेले, म्हणजे पंचायतीनं आपलं काम केलेलं होतं! भोवती राड, त्यात निसरडे दगड, आणि पाणी भरणाऱ्या सगळ्या बायका आणि मुलं. भरलेली घागर जमिनीवरून थेट डोक्यावर न्यायची. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो, भांड्याचं वजन वेगळं. बाई एकटी असेल तर ती आधी वाकते, घागर गुडघ्यावर घेते, क्षणभर तोल सावरते आणि मग एका झटक्यात वर. त्या क्षणभरात पाय घसरला की संपलं. नलपारमध्ये भिंतीला मधल्या उंचीवर घागर टेकवायची जागा आहे. आधी तिथं ठेवायची, दम घ्यायचा, मग डोक्यावर. सांडलेल्या पाण्याला वाट काढून दिली. आणि भिंतींवर त्याच भागातल्या आकृत्या, त्याच हातांनी घडवलेल्या.

ती मधली उंची कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हती. अंदाजपत्रक करणाऱ्यानं घागर उचललेली नसते. ती उंची सापडायला पंपापाशी बसून राहावं लागतं, बायकांना विचारावं लागतं, आणि त्यांनी पहिल्यांदा ‘ठीक आहे की’ म्हणून टाळलं तरी पुन्हा विचारावं लागतं. काका म्हणाले ते बरोबरच होतं, काम पंचायतीचं. पण सुंदर हवं ही मागणी पंचायतीकडे कुणी करत नाही आणि सोयीचं हवं ही मागणी चित्रकाराकडे कुणी करत नाही. त्यामुळे दोन्ही मागण्या एकत्र घेऊन उभं राहायला जागाच उरत नाही. ह्याच मंडळींनी मुलांसाठी ‘पिल्ला गुडी’ उभारल्या, म्हणजे मुलांनी जमायचं, खेळायचं, बोलायचं, काही करून बघायचं अशी ठिकाणं. त्यांचा उपयोग काय, हे तर पंपाइतकंही सांगता येत नाही, आणि म्हणून मला त्या जास्त धाडसाच्या वाटतात.

२०१८च्या डिसेंबरात मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नवज्योत ह्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं. अशा प्रदर्शनांची एक अडचण असते. चित्रं येतात, शिल्पं येतात, व्हिडिओ येतात. पंप येत नाही. त्याचा फोटो येतो, आणि फोटोत घागरीचं वजन नसतं. दुसरी अडचण नावाची. सहकाऱ्यांची नावं कितीही प्रामाणिकपणे लिहिली तरी बोलावणं एकीलाच येतं, ग्रंथ एकीवरच निघतो, आणि माझ्यासारखी लेख लिहिणारीसुद्धा वाक्याची सुरुवात ‘नवज्योत अल्ताफ’ अशीच करते. शांतीबाई नवऱ्याच्या हाताखाली लाकूड कोरायला लागल्या आणि पुढे स्वतःच्या नावानं स्तंभ कोरणाऱ्या शिल्पकार झाल्या. त्यांचं काम मोजायचं तर ते दुसऱ्या कुणाच्या कारकिर्दीचं फलित म्हणून मोजायचं की सरळ त्यांचंच म्हणून? मला उत्तर सोपं वाटतं, पण बोलण्याच्या ओघात मीच ते पाळत नाही.

ह्या नावांच्या भानगडीत मला ह्यूस्टनचा रिक लोव फार जवळचा वाटतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो गरिबीवर आणि अन्यायावर मोठमोठी चित्रं रंगवायचा. एकदा शाळेतली मुलं त्याचा स्टुडिओ बघायला आली. एक मुलगा म्हणाला, तुम्ही काढता ते आम्ही रोज बघतो, आमच्या अडचणी आम्हाला दाखवायची गरज नाही; एवढे कल्पक असाल तर एखादा तोडगा का नाही काढत? लोव निरुत्तर झाला. १९९३ मध्ये त्यानं आणखी काही कृष्णवर्णीय कलावंतांच्या साथीनं थर्ड वॉर्ड ह्या वस्तीतली २२ मोडकळीला आलेली छोटी घरं हाती घेतली. काहींत मांडणशिल्पं, काहींत शिकत असलेल्या एकट्या तरुण आया आणि त्यांची मुलं. ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’ हे नाव कुठल्याही बिल्डरच्या जाहिरातीत खपून जाईल. घरं डागडुजी करून घेणं, भाडं, छपरं, शेजाऱ्यांचे रुसवे, आणि ह्या सगळ्याच्या मध्ये वस्तीतल्या माणसांबरोबर टेबलाशी बसून डॉमिनो खेळणं. तो म्हणे खेळता खेळताच वस्तीची खबर घ्यायचा. २०१४ मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची शिष्यवृत्ती मिळाली.

आणि आता, पंचवीसेक वर्षं घरं सांभाळून झाल्यावर, लोव पुन्हा चित्रं काढतो. प्रचंड कॅनव्हास, आकाशातून बघितलेल्या वस्तीच्या नकाशासारखे दिसणारे. मुळात त्या आहेत डॉमिनोच्या सोंगट्यांच्या रांगा, रंगलेल्या डावांचे माग. गॅगोसियनसारखं जगातलं बलाढ्य कलादालन ती चित्रं लावतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जराशी हिरमुसले, जणू आपल्यातला कुणी फितूर झाला. मग हिरमुसण्याचीच चीड आली. त्या शाळकरी मुलाच्या एका प्रश्नाला माणसानं पंचवीस वर्षं उत्तर दिलं, त्यानं आता रंग कालवायचे नाहीत असं ठरवणारी मी कोण? काढू दे त्याला चित्रं, आणि विकली जाऊ देत चढ्या भावानं. एकदा फक्त त्यातलं एखादं जवळून बघायला मिळालं, तर रंगांआधी मी शेजारची पाटी वाचणार आहे. समोर बसून ज्यांनी ते डाव खेळले, त्यांची नावं तिथं आहेत का, एवढंच बघायचंय.